जब्बारचे शॉकअप

"रस्ता कधी संपला, कळलंसुद्धा नाही हो जब्बारभाई!"

एवढंच वाक्य. मुक्ताईंनी ते खडकीतल्या आपल्या सोसायटीच्या फाटकात, जब्बारभाईंच्या मोटारसायकलवरून उतरता उतरता, पदर सावरत अगदी सहज म्हटलं. आणि वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालणाऱ्या त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे रंगराव काळमेघांची, तळपायाची आग मस्तकात गेली.

यात आग लागण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. ज्याची बायको लग्न झाल्यापासून मागच्या सीटवर बसून "अहो, हळू" याखेरीज काही बोलली नाही, त्याला जाऊन विचारा.

त्या दिवशी सकाळी मुक्ताईंना सदाशिव पेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे रंगरावांनीच नेलं होतं, स्वतःच्या गाडीवरून. कंबर धरली होती बाईंची. वाटेत वाकडेवाडीला एक स्पीडब्रेकर आला. पुण्यात स्पीडब्रेकर वेग कमी करायला बांधत नाहीत, माणसाचे मणके मोजायला बांधतात. गाडीचं मागचं चाक उडालं, आपटलं, पुन्हा उडालं, आणि मुक्ताईंनी अशी किंकाळी मारली की शेजारच्या बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. दवाखान्याच्या पायरीशी उतरल्यावर त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जा घरी. मी येते रिक्षाने."

परतताना रिक्षावाले खडकीचं नाव ऐकून मान फिरवून बसले. जब्बारभाई त्याच वेळी बुधवार पेठेतून कुठल्याशा जुन्या रेडिओचा पार्ट घेऊन निघाले होते. त्यांनी वहिनींना उन्हात उभं पाहिलं, गाडी थांबवली, "वहिनी, बसा" म्हणाले. वहिनी बसल्या. आणि रस्ता कळलासुद्धा नाही!

बरं, जब्बारभाईंची गाडी नवीकोरी, भारीतली असती, तर रंगरावांनी एक वेळ मनाची समजूत घातली असती. तसंही नाही. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी, एकाच शोरूममधून घेतलेल्या. तेव्हा दोघं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. रंगराव तपासणी विभागात आणि जब्बार शेख टूलरूममध्ये. वर्ध्याहून नोकरीला आलेल्या रंगरावांना पुण्यात पहिला मित्र मिळाला तो हाच, आणि पुढे सोसायटीतला शेजारीही हाच. पुढे ती गाडी बनायची बंद झाली, दोघं रिटायर झाले, एकाचे केस गेले, दुसऱ्याचे दात गेले, गाड्या मात्र राहिल्या. जब्बारची काळी, रंगरावांची मरून. दर खंडेनवमीला दोघं खाली पार्किंगमध्ये गोणपाट अंथरत, दोन्ही गाड्या उघडत, धूत, ग्रीस भरत आणि शेवटी झेंडूची माळ घालत. कारखान्यातली सवय ती. त्या दिवशी यंत्राला सुट्टी आणि आंघोळ.

म्हणजे गाडी तीच. मग त्याच्या गाडीवर रस्ता कळत नाही आणि माझ्या गाडीवर किंकाळी? हा कुठला न्याय?

"धरलं कशाला होतंस?" रात्री जेवताना रंगरावांनी भाकरी मोडत विचारलं.

"काय?"

"त्याच्या गाडीवर गं. हात कुठं होता?"

"मागच्या दांडीला." मुक्ताईंनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "काऊन?"

"सहज."

"सहज म्हणे! ऐका, तुमच्या गाडीवर मी आता बसायची नाही. तुमच्याच भाषेत सांगते. रिजेक्ट."

रंगरावांनी आयुष्यभर हा शब्द दुसऱ्यांच्या मालावर मारला होता. मालाला काय वाटत असेल ते त्यांना त्या रात्री कळलं.

कारण मामला नुसत्या गाडीचा नव्हता. दर संकष्टीला संध्याकाळी दोघं गाडीवरून दगडूशेठला जात. बाहेरूनच हात जोडायचे, मोदक घ्यायचे, चंद्रोदयाला घरी. मुलाच्या वेळचं बाळंतपण सोडलं तर ही फेरी कधी चुकली नव्हती. घरात दिवसभर दोघांचं बोलणं भाजी कोणती आणि गोळी घेतली का, याच्यापुढे जात नसे. पण त्या संध्याकाळी खडकीपासून बुधवार पेठेपर्यंत मुक्ताईंचा उजवा हात रंगरावांच्या खांद्यावर असायचा. रंगरावांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. पण महिनाभर ते त्या हाताची वाट बघत असत. आणि आता तोच बंद झाला होता.

पुढची संकष्टी आली, तेव्हा मुक्ताई खडकीच्या मेट्रो स्टेशनवर गेल्या, गार हवेत बसून मंडईला उतरल्या, दर्शन घेतलं, आणि हसतमुखाने परत आल्या. सोबत जब्बारभाईंच्या पत्नी शहजादीभाभीही गेल्या होत्या, मंडईतून लिंबं आणायला. "काय सुख आहे हो!" दोघींनी एका सुरात सांगितलं. रंगरावांनी मोदक खाल्ला, तो त्यांना कडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टीलची टेप आणि चष्मा घेऊन पार्किंगमध्ये उतरले. आधी त्यांनी जब्बारच्या गाडीची मागची सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. सीट खाली गेली, सावकाश वर आली आणि थांबली. मग स्वतःच्या गाडीची दाबली. ती खाली गेली, टुणकन वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. वाकून पाहिलं तर डाव्या शॉकअपचं अंग तेलाने ओलं, त्यावर धुळीचा थर. तपासणी विभागात केस पांढरे केलेल्या माणसाला अर्थ सांगायची गरज नव्हती. स्प्रिंग धक्का खाते, पण खाल्लेला धक्का पचवायचं काम आतल्या तेलाचं. तेल गळून गेलं की स्प्रिंग एकटीच नाचत बसते.

पण स्वतःचं दुखणं कळलं म्हणून माणूस दुसऱ्याचं सुख बघायचा थांबतो थोडाच! रंगराव जब्बारच्या गाडीशी उकिडवे बसले आणि त्याच्या शॉकअपची मापं घेऊ लागले. वरच्या डोळ्यापासून, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकापासून, खालच्या डोळ्यापर्यंत लांबी. डोळ्यातल्या बोल्टाची जाडी. डोळ्याशेजारी ठोकलेला नंबर वाचायला त्यांनी अंगठ्याने मळ घासला. सगळं अगदी त्यांच्या जोडीसारखंच निघालं. त्याचा त्यांना आणखीच राग आला.

"काय मोजताय रंगरावभाऊ?" वरून शहजादीभाभींचा आवाज आला. "शर्ट शिवायचाय का गाडीला?"

रंगराव टेप खिशात कोंबत उठले, तोवर जब्बारभाई जिना उतरून आलेच. त्यांनी काही न बोलता मरून गाडीची सीट एकदा दाबली. खालचं दातेरी कडं चाचपलं. स्प्रिंग घट्ट-सैल करायचं असतं ते. रंगरावांनी ते शेवटच्या दातावर नेऊन ठेवलं होतं.

"रंगा, तेलाचं सील खलास आहे. आणि हे कडं एवढं आवळून ठेवलंयस, मागे बायको बसवतोस की सिमेंटचं पोतं?"

"घट्ट असलं की गाडी पक्की बसते."

"गाडी बसते, माणूस उडतं. खोलू या दोन्ही. माझे मी गेल्या साली खोलले ना, तसेच. सील टाकू, तेल भरू, रबरी बुश नवे घालू. वहिनींना परत बसवू या तुझ्यामागे."

नेमक्या त्याच वेळी मुक्ताई भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. बस! रंगरावांचं वर्धा उसळून बाहेर आलं.

"तू कोण बे बसवणारा? माझी बायको, माझी गाडी! माझ्या गाडीले हात लावाचं काम नाही तुले!"

जब्बारभाईंनी खांदे उडवले. "बरं बाबा, नाही लावत." आणि ते रेडिओ दुरुस्त करायला वर निघून गेले. भांडण झालं असतं तर रंगरावांना बरं वाटलं असतं. हा माणूस भांडतसुद्धा नाही, याला काय म्हणावं!

मग रंगराव स्वतःच नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. तिथे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. "काका, जुने शॉकअप आता कोण खोलतं? नवी जोडी टाका." खोलायचे तर वरची कडी फिरवायला दोन खुंट्यांचा खास पाना लागतो, आणि तसा पाना सबंध खडकीत एकट्या जब्बारकडे होता, स्वतः घासून बनवलेला. म्हणून रंगरावांनी टेपने लांबी जुळवली, डोळ्यांचं माप जुळवलं आणि एक चकाचक नवी जोडी घरी आणली. स्प्रिंगच्या तारेची जाडी मात्र त्यांनी पाहिली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका पकडणाऱ्या माणसाने ही चूक केली, कारण दुकानात उभं असताना त्यांच्या डोळ्यांपुढे शॉकअप नव्हतेच, जब्बारचं तोंड होतं. ती जोडी निघाली कुठल्या तरी दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीची. मुक्ताई मोठ्या मिनतवारीने बसल्या आणि सोसायटीच्या कोपऱ्यावरच उतरल्या.

"बैलगाडी बरी," एवढंच म्हणाल्या.

दुकानदाराच्या पाटीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही, वादही घातला जाणार नाही' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नवी जोडी पलंगाखाली गेली आणि जुनी गळकी जोडी पुन्हा गाडीवर चढली.

आता रंगरावांना दुसरं काही सुचेनासं झालं. जब्बार सकाळी दूध आणायला निघाला की ते गॅलरीतून त्याचं मागचं चाक बघत. फाटकाशी खड्डा होता. जब्बारची गाडी त्यातून अशी जायची की जणू खड्डा बुजवलाय. आणि मुक्ताई! ती हल्ली "जब्बारभाईंना विचारू या" असं फारच म्हणायला लागली होती. मिक्सर बिघडला, जब्बारभाई. मेट्रोचं कार्ड चालेना, जब्बारभाई. घरात एक नवरा आहे, तपासणी विभागातून सन्मानाने निवृत्त झालेला, हे बाई विसरल्या की काय? रंगरावांना काही वावगं सुचत नव्हतं, तेवढं सोन्यासारखं चालचलन मुक्ताई आणि जब्बार दोघांचंही होतं. पण मत्सराला पुरावा लागतो थोडाच. रंगराव जळत होते, अगदी कोरड्या गवतासारखे जळत होते, आणि रोज संध्याकाळी त्याच जब्बारबरोबर बाकावर बसून चहाही पीत होते.

अशात जब्बारभाईंची मुलगी खुशनुमा सोलापूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल झाली. नवराबायको घाईघाईने निघाले. रिक्षात पिशव्या चढवता चढवता जब्बारभाईंनी गाडीची किल्ली रंगरावांच्या हातात ठेवली.

"रोज एकदा सुरू करत जा रे. बॅटरी बसायला नको. तुझ्याशिवाय कुणाला देणार?"

तुझ्याशिवाय कुणाला देणार, असं म्हणाला बिचारा. आणि रंगरावांनी काय केलं? रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत त्यांची नजर काळ्या गाडीच्या मागच्या चाकावर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, त्यांनी गोणपाट अंथरलं. दोन्ही गाड्या मधल्या स्टँडवर घेतल्या. एका वेळी एकच बाजू सोडायची, नाहीतर चाक खाली बसतं, हे त्यांना माहीत होतं. आधी डावा, मग उजवा. वरचा नट, खालचा बोल्ट. जब्बारचे दोन मरून गाडीवर, मरूनचे दोन जब्बारच्या गाडीवर. शेवटी गळक्या शॉकअपचं ओलं झालेलं अंग फडक्याने पुसून त्यावर थोडी धूळ चोळली. मनाला त्यांनी सांगितलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, परवा संकष्टी, ती झाली की परत लावून टाकू. मनाने ऐकलं. मनाला तेच ऐकायचं होतं.

संध्याकाळी ते एकटेच फाटकातल्या खड्ड्यातून गेले. अहाहा! गाडीने खड्डा गिळला आणि ढेकरही दिला नाही. परत फिरून ते त्या खड्ड्यातून आणखी दोनदा गेले. वॉचमन बघत राहिला.

संकष्टीच्या दिवशी दुपारपासूनच त्यांनी मुक्ताईंच्या मागे लकडा लावला. "अगं, दुरुस्त केलीय गाडी. एकदा बसून तर बघ. देवाशप्पथ, पाणी भरलेला पेला हातात घेऊन बस, सांडणार नाही."

"कुणी केली दुरुस्त?"

"केली. तुला काय करायचंय? तू बस."

मुक्ताई देवाचं नाव घेऊन बसल्या, पण हात मात्र मागच्या दांडीलाच ठेवला. रंगरावांनी तिरक्या आरशात ते पाहिलं आणि मनात म्हणाले, थांब, शिवाजीनगरच्या आत तो हात खांद्यावर येतो की नाही बघ. आणि त्यांनी गाडी हाणली. शॉकअप आता जब्बारचे होते ना! खड्डा दिसला की मुद्दाम त्यातून घातली. एका पीएमटीला डाव्या बाजूने मागे टाकलं. एक रिक्षावाला आडवा आला, त्याचे आईबाप काढले. वाकडेवाडीचा स्पीडब्रेकर आला तसे ते आणखी ताठ बसले आणि वेग कमी न करता त्यावरून गेले.

"अगं आई गं!"

"काय झालं? आता काय झालं?"

"थांबवा! थांबवा म्हणते ना!" शिवाजीनगरच्या मेट्रो स्टेशनशी मुक्ताई कमरेवर हात ठेवून उतरल्या. डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही जा पुढे. मी मेट्रोने येते."

रंगरावांचा तोल सुटला. भर रस्त्यात, मागून हॉर्न वाजत असताना, ते ओरडले, "अगं, आता काय कमी पडलं? शॉकअप तर जब्बारचेच लावलेत!"

मुक्ताई वळल्या. "कुणाचे?"

रंगराव आरसा पुसू लागले.

"जब्बारभाईंचे? त्यांच्या गाडीचे काढून? ते पोरीच्या बाळंतपणाला गेलेत, किल्ली तुमच्या हातात देऊन गेलेत, आणि तुम्ही..." पदराने तोंड पुसून मग त्या शांतपणे बोलल्या, आणि तेच जास्त लागलं. "शॉकअप काय करतील हो? जब्बारभाई ब्रेकर दिसला की आधी सांगतात. वहिनी, ब्रेकर हं. वहिनी, डावीकडे खड्डा आहे, धरून बसा. आणि गाडी इतकी हळू घेतात की लहान मूल चालत पुढे जाईल. तुमच्या मागे मी इतकी वर्षं बसतेय. एकदा तरी सांगितलंत, की मुक्ता, खड्डा आहे? मला तर आपटल्यावरच कळतं."

आणि त्या जिना उतरून निघून गेल्या. रंगराव दगडूशेठला गेलेच नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोणपाट अंथरलं गेलं. या वेळी रंगरावांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका बाजूने सुरुवात करायची सोडून त्यांनी चारही शॉकअप काढले आणि दोन्ही गाड्यांची मागची चाकं लुळी पडली. ते घाम पुसत त्या चौघांकडे बघत बसले असतानाच फाटकाशी रिक्षा थांबली. खुशनुमाला मुलगी झाली होती, सगळं सुखरूप होतं, तिच्या सासूने पुढचं सगळं हातात घेतलं होतं, म्हणून आजी-आजोबा रात्रीच्या गाडीने परत आले होते.

शहजादीभाभी पिशव्या घेऊन वर गेल्या. जब्बारभाई आले आणि गोणपाटाशी उभे राहिले. त्यांनी दोन गाड्या पाहिल्या, चार शॉकअप पाहिले, मित्राचं तोंड पाहिलं.

"खंडेनवमीला अजून अवकाश आहे," ते म्हणाले.

"धुवायला काढलेत."

"बरं." जब्बारभाई खाली बसले. एक शॉकअप उचलला, त्याच्या डोळ्यातलं रबर नखाने दाबलं. हे बुश त्यांनी स्वतः कापून बसवलेले होते. "हा माझा. हा पण माझा." त्यांनी दोघांना आपल्या बाजूला ठेवलं. मग बोल्टावरची ताजी खूण अंगठ्याने पुसली. "रंगा, माझे तुझ्या गाडीवर होते ना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. रंगरावांनी सगळं ओकून टाकलं. "हो, होते! लावले मी! चोर म्हण मला. काय करू? तुझ्या गाडीवर तिला रस्ता कळत नाही म्हणे. तू हळू नेतोस, तू सांगतोस, तू असा आणि तू तसा. घरात उठता बसता जब्बारभाई! मी जळलो, कबूल करतो. आत्ताही जळतोय. तू कसं जमवतोस रे हे सगळं?"

जब्बारभाईंनी अंगठा फडक्याला पुसला. मग त्यांनी वर गॅलरीकडे एक नजर टाकली, कुणी दिसत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"वेडा आहेस का तू? ती तुझी बायको आहे. दुसऱ्याची बायको मागे बसली, तिची कंबर धरलेली, वाटेत काही झालं तर तुला काय तोंड दाखवू? जीव मुठीत धरून आणली मी तिला. शहजादी मागे असते तेव्हा मी कुठं सांगतो खड्डा? मीपण तुझ्यासारखाच हाणतो. ती मला रोज ऐकवते. रंगरावभाऊ बघा, बायकोला दर महिन्याला देवाला नेतात, मोदक खाऊ घालतात. तुम्ही मला दर्ग्यालासुद्धा रिक्षाने पाठवता. तुझ्या त्या संकष्टीचा किती राग राग केलाय मी, तुला काय माहीत!"

रंगराव बघतच राहिले. हसावं की लाजावं ते दोघांनाही कळेना.

"ऐकलंय हं मी!" वरून शहजादीभाभींचा आवाज आला. त्या गॅलरीत नव्हत्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. "सगळं ऐकलंय! तुम्ही वर या, मग बघते. दुसऱ्याची बायको म्हणे!"

जब्बारभाईंनी डोळे मिटून घेतले. मग मुकाट्याने आपली पेटी उघडली आणि तो घासून बनवलेला पाना काढला. वर जाण्यापेक्षा खाली काम करणं बरं होतं.

दोघांनी मिळून स्प्रिंग शिकंज्यात दाबली, वरच्या दोन अर्धगोल चकत्या काढल्या, तशी स्प्रिंग मोकळी झाली. रॉड हाताने दाबला, तो कसलाही अडथळा न घेता सपकन आत गेला. "मेलेला आहे," जब्बारभाई म्हणाले. पान्याने कडी फिरवली. आतून काळंकुट्ट, चहाच्या कपभरसुद्धा नाही इतकं तेल निघालं. रॉडवर कुठे खड्डे पडलेत का, ते रंगरावांनी चष्मा लावून इंच इंच तपासलं. या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता. दुसराही तसाच खोलला, जब्बारभाईंच्या पेटीतली नवी सीलं बसवली. दोन्हींत तेल सारखं मोजून भरलं, हवा निघेपर्यंत रॉड खालीवर केले. शेवटी दोघांनी एकेक रॉड हातात धरून एकदम ओढला, मग हात बदलून पुन्हा ओढला. दोन्ही सारखेच जड, सारखेच सावकाश. खालचं कडं रंगरावांनी स्वतः फिरवून मधल्या दातावर आणलं, दोन्हीकडे सारखं.

"पास?" जब्बारभाईंनी विचारलं.

"पास," रंगराव म्हणाले. "गाडी पास. चालवणाऱ्याचं अजून बाकी आहे."

पुढच्या संकष्टीला मुक्ताई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. फक्त खाली आल्या, मेट्रोचं कार्ड पर्समध्ये आहे ना ते नवऱ्यासमोर उघडून पाहिलं, आणि बसल्या. हात मागच्या दांडीला. रंगरावांनी गाडी फाटकाबाहेर काढली. फाटकातला खड्डा त्यांनी वळसा घालून टाळला. पीएमटी पुढे गेली, जाऊ दिली. रिक्षावाला आडवा आला. शिवी ओठांवर आली, ती गिळली. मागून पोरं हॉर्न मारत होती, "काका, उतरून ढकला!" असंही कुणी ओरडलं. ऐकून घेतलं.

वाकडेवाडीचा तो ब्रेकर दिसला. रंगरावांनी गिअर उतरवला, घसा खाकरला. "मुक्ता" म्हणायला तोंड उघडलं, पण त्या नावाने असलं काही सांगायची सवयच नव्हती जिभेला. ब्रेकर जवळ येत होता.

"वहिनी, ब्रेकर आहे हं!" ते एकदम ओरडले.

गाडी ब्रेकरवर अलगद चढली, अलगद उतरली.

"काय म्हणालात?"

"ब्रेकर आहे म्हटलं."

"त्याच्या आधी काय म्हणालात?"

रंगरावांचे कान लाल झाले. "वहिनी म्हटलं. दुसऱ्याची बायको मागे बसलीय असं समजून चालवायची. तसं केलं की जमतं, असं जब्बार म्हणतो."

मग सीट हलायला लागली. शॉकअपचा दोष नव्हता. मुक्ताई हसत होत्या, तोंडाला पदर लावून, कंबर सांभाळत. हसू आवरता आवरता त्यांचा तोल गेला आणि मागच्या दांडीवरचा हात सुटून रंगरावांच्या खांद्यावर आला. शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन आलं, मागे गेलं. त्या थांबवा म्हणाल्या नाहीत. हात तिथेच होता.

पुलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता.

"वहिनी, खड्डा," रंगरावांनी सांगितलं आणि गाडी आणखी हळू केली. आता त्यांना जरा ऐट आली होती. "काय, कसं वाटतंय?"

"छान," मुक्ताई म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण जब्बारभाई याहूनही हळू घेतात."

रंगरावांची तळपायाची आग पुन्हा मस्तकात गेली. त्यांनी दात आवळले, खांदा जराही न हलवता आणखी एक गिअर उतरवला, आणि खड्डा येताच पाय टेकवून गाडी पूर्ण थांबवली.